जुन्या पिनेचा टिकाऊ सूर

(द्वितीय वर्ष कला)

एखादा माणूस तेच तेच पुन्हा बोलू लागला की आपण सहज म्हणून जातो, "ह्याची पिन अडकली!" हा वाक्प्रचार वापरणाऱ्या माझ्या पिढीतील बहुतेकांनी ती पिन प्रत्यक्ष पाहिलेली नसते. तबकडी गेली, कॅसेट आली. कॅसेट गेली, सीडी आली. आता तर गाणे खिशातल्या मोबाइलमध्ये येऊन बसले आहे. पिन मात्र भाषेत तेवढी अडकून राहिली, असा माझाही समज होता. परंतु भाषेबाहेरही ती टिकून आहे. जपानमध्ये १९६४ साली नभोवाणीच्या कामासाठी तयार झालेली एक पिन आजही त्याच नावाने, त्याच आराखड्यानुसार बनते आणि जगभर विकली जाते. ज्या काळात दोन वर्षांपूर्वीचे यंत्र जुने ठरते, त्या काळात साठ वर्षांचे हे आयुष्य नवलाचेच म्हटले पाहिजे. ह्या पिनेचा आवाज खरोखरच टिकाऊ आहे, की हे केवळ गेल्या दिवसांचे वेड आहे? ह्या प्रश्नाचे जे उत्तर मला मिळाले ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. बोलताना आपण सगळ्यालाच 'पिन' म्हणतो. वास्तविक रेकॉर्डप्लेयरच्या दांडीच्या टोकाला काड्यापेटीहूनही लहान अशी एक डबी बसविलेली असते. तिला कार्ट्रिज म्हणतात. ह्या डबीतून एक बारीक काडी खाली डोकावते व काडीच्या टोकाला हिऱ्याची किंवा नीलमण्याची अतिसूक्ष्म सुई असते. सुई तबकडीच्या खाचेतून चालते, खाचेच्या नागमोडी वळणांबरोबर थरथरते. काडी ती थरथर डबीत पोचविते आणि डबी तिचे विजेच्या क्षीण लहरींत रूपांतर करते. पुढचे काम ॲम्प्लिफायरचे व स्पीकरचे. म्हणजे तबकडीवर जे लिहिलेले आहे ते वाचणारी वाचक म्हणजे ही कार्ट्रिज. वाचकच अडखळला, तर पुढच्या मंडळींनी कितीही मोठ्याने सांगितले तरी अर्थ बिघडलेलाच राहणार.

हे वाचन किती अवघड असते पाहा. लाँग प्ले तबकडीवर असंख्य वर्तुळे दिसतात, पण एका बाजूला बाहेरून आत जाणारी ती एकच सलग खाच असते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या ह्या वेगाने वीस मिनिटांत सुमारे ६६७ फेरे होतात. एका फेऱ्याची सरासरी लांबी ६५ सेंटिमीटर धरली, तर एक बाजू संपेपर्यंत सुई चारशे मीटरांहून अधिक चाललेली असते. क्रीडांगणाला एक पूर्ण फेरीच म्हणा ना! बाहेरच्या कडेला ती सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर अंतर कापते, तर लेबलाजवळ हाच वेग २० सेंटिमीटरांच्या आसपास येतो. तेवढ्याच सुरांना तेथे कमी जागा मिळते, अक्षरे दाटीवाटीने लिहिल्यासारखी होतात. त्यातून स्टिरिओ तबकडी असेल तर खाचेच्या आतल्या भिंतीवर डाव्या बाजूचा आवाज कोरलेला असतो आणि बाहेरच्या भिंतीवर उजव्या बाजूचा. एकच सुई दोन्ही भिंतींना टेकून दोन्हीकडचे एकाच वेळी वाचीत जाते.

ही व्यवस्था एका दिवसात सिद्ध झाली नाही. एडिसनने १८७७ साली कथिलाचा पातळ पत्रा गुंडाळलेल्या नळकांड्यावर आवाज उमटविला. पुढे १८८७ च्या सुमारास एमिल बर्लिनरने सपाट तबकडी आणली. त्या काळच्या ग्रामोफोनमध्ये वीज नव्हतीच. सुई थेट एका पडद्याला हलवी आणि तो आवाज कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर पडे. सुईवरचा भार शंभर ग्रॅमपेक्षाही अधिक असे. लाखेच्या तबकडीत मुद्दाम खरखरीत पूड मिसळलेली असे, म्हणजे पोलादी सुई घासली जाऊन चटकन खाचेच्या आकाराची व्हावी. त्यामुळे एक बाजू वाजली की सुई टाकून नवी लावायची, असा नेम होता. १९२५ साली विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले व त्यामागोमाग विजेवर चालणारे 'वाचक'ही आले. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी बाजारात आणली आणि १९५८ साली स्टिरिओ तबकड्या विकल्या जाऊ लागल्या. हे १९५८ साल वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण जुन्या पिनेच्या दीर्घायुष्याचे पहिले रहस्य त्यात आहे.

पण जुने ते सगळेच टिकाऊ असे मात्र मुळीच नाही. ह्याचा दाखला माझ्या घरातच आहे. माझ्या आबांचा, म्हणजे आजोबांचा, लग्नकार्यात व जत्रेत भोंगे लावण्याचा धंदा होता. १९७० नंतरची दहाएक वर्षे त्यांनी आसपासच्या गावांतून रेकॉर्डी वाजविल्या. ते सांगतात, "मिरग लागला की पिन बसायची. वाजता वाजता आवाज बारीक व्हायचा." म्हणून पावसाळ्यात ते पिना फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवीत. ह्यामागचे कारण मला महाविद्यालयात आल्यावर कळले. त्या काळच्या स्वस्त कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक बसविलेला असे. काही स्फटिक दाबले किंवा पिळले की त्यांतून वीज निर्माण होते, हे प्येर व झाक ह्या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले होते. अशा कार्ट्रिजमधून भरपूर वीज मिळे, त्यामुळे साध्या ॲम्प्लिफायरवरही मोठा आवाज निघे. भोंग्याच्या धंद्याला तेच हवे होते. परंतु हा क्षार पाण्यात विरघळतो, दमट हवा त्याला मानवत नाही आणि उष्णताही मानवत नाही. आबांचा तांदूळ हवेतील ओल शोषून घेई. अक्षरओळख बेताची असलेल्या माणसाने अनुभवाने काढलेला तो उपाय शास्त्राला धरून होता. ही स्फटिकाची पिन वापरली तरी बिघडे, आणि नुसती ठेवली तरी बिघडे. आज कोणाच्या माळ्यावर अशी एखादी सापडली, तर ती मुकी झालेली असण्याचाच संभव अधिक. पुढे रोशेल सॉल्टची जागा सिरॅमिकने घेतली. ते दमट हवेत टिकते, परंतु सुईवर भार बराच लागतो.

टिकाऊपणाचा मान गेला तो चुंबकीय कार्ट्रिजकडे. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखविले. ह्या तत्त्वावर दोन प्रकारच्या कार्ट्रिज बनतात. पहिल्या प्रकारात काडीच्या मागच्या टोकाला इवलासा चुंबक असतो आणि वेटोळी स्थिर असतात. दुसऱ्या प्रकारात चुंबक स्थिर असतो आणि काडीला जोडलेली वेटोळी हलतात. दुसऱ्या प्रकारात वेटोळी हलकी असावी लागतात, म्हणून तार थोडी व वीजही थोडी. कोणत्याही प्रकारात डबीच्या आत तांबे, लोखंड, चुंबक व हिरा ह्याच मुख्य वस्तू. त्यांना ना मृगाचा पाऊस बाधतो, ना वैशाखाचे ऊन.

ज्या जपानी पिनेचा आरंभी उल्लेख केला, ती ह्या दुसऱ्या प्रकारातली आहे. तिचे नाव डेनन डीएल-१०३. जपानची सार्वजनिक प्रसारणसंस्था एनएचके हिला स्टिरिओ प्रसारणासाठी भरवशाची कार्ट्रिज हवी होती. डेननच्या अभियंत्यांनी एनएचकेच्या सहकार्याने ती घडविली आणि १९६४ पासून ती प्रसारणाच्या कामी रुजू झाली. घरगुती ग्राहकांना ती १९७० पासून मिळू लागली. डेन्मार्कमधील ऑर्टोफोन कंपनीची एसपीयू ही तर तिच्याहूनही वडील. ती १९५९ साली रॉबर्ट गुडमनसन ह्या अभियंत्याने तयार केली, आणि तीही आजवर निघते आहे.

नभोवाणी केंद्रातल्या कामाचा विचार केला म्हणजे ह्या पिनेच्या स्वभावाचा उलगडा होतो. तेथे तबकड्या दिवसभर वाजतात. गाण्याची सुरुवात बरोबर सापडावी म्हणून तबकडी हाताने मागेपुढे फिरवावी लागते, आणि पाळी बदलली की हातही बदलतो. एक कार्ट्रिज निकामी झाली तर तिच्या जागी बसविलेल्या दुसरीचा आवाज तंतोतंत पहिलीसारखाच हवा. नाही तर सकाळची गायिका संध्याकाळी निराळीच वाटायची. अशा ठिकाणी नखरेल वस्तू काय कामाची? डीएल-१०३ च्या सुईचे टोक साध्या गोल आकाराचे ठेवले आहे. त्या गोलाईची त्रिज्या १६.५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी साडेसोळा भाग. कार्ट्रिजचे वजन ८.५ ग्रॅम, सुईवरचा भार २.५ ग्रॅम. तिच्यातून मिळणारी वीज सुमारे ०.३ मिलिव्होल्ट, आपल्या टॉर्चमधील सेलच्या दाबाचा हा पाच हजारावा हिस्सा झाला. एवढ्याशा विजेत तंबोऱ्याची जवारी आणि गायकाचा श्वास मावतो, ह्या विचाराने मन थक्क होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा आवाज टिकला कसा? मला ह्याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण असे की, पिन जे वाचते ती लिपीच बदलली नाही. खाचेचा आकार, भिंतींचा ४५ अंशांचा कोन, फिरण्याचा वेग हे सर्व १९५८ पर्यंत ठरून गेले. ध्वनिमुद्रण करताना खर्जाचे सूर किती दाबायचे आणि तार सूर किती उचलायचे ह्याचे प्रमाणही अमेरिकेत १९५४ साली निश्चित झाले व पुढे ते जगभर रूढ झाले. आज नवी तबकडी कोरली जाते तीही ह्याच नियमांनी. ज्याने मोडी चांगली शिकून घेतली आहे त्याला मोडीतला कोणताही कागद वाचता येतो. कागद कालचा असो वा शंभर वर्षांपूर्वीचा. तसेच हे आहे. १९६४ साली उत्तम वाचणारी कार्ट्रिज आजही उत्तमच वाचणार. संगणकाच्या जुन्या तबकड्या निरुपयोगी झाल्या त्या बिघडल्या म्हणूनच असे नाही. त्या वाचणारी यंत्रेच नाहीशी झाली.

दुसरे कारण सामग्रीचे, आणि ते वर येऊन गेलेच आहे. तांबे व चुंबक सहसा म्हातारे होत नाहीत. पण येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. कार्ट्रिजचे दोन अवयव मात्र नक्की थकतात. हिऱ्याची सुईसुद्धा काही शे तास वाजल्यावर झिजते. आणि काडीला सावरून धरणारा रबराचा बारीकसा तुकडा कालांतराने कडक होतो किंवा सैल पडतो. म्हणून चाळीस वर्षे पेटीत पडलेली, एकदाही न वाजविलेली कार्ट्रिज नव्यासारखीच वाजेल, हा समज बरोबर नाही. तिचा सूर नीट ऐकायचा तर आधी तिची दुरुस्ती करून घ्यावी लागते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोणीतरी ती वस्तू तशीच बनवीत राहिले. डीएल-१०३ जपानच्या फुकुशिमा प्रांतातील शिराकावा येथील कारखान्यात तयार होते, आणि त्यातले नाजूक काम कसबी कारागिरांच्या हातांनी होते. आराखडा कागदावर राहतो. तार किती ताणायची, काडी नेमकी कशी बसवायची हे बोटांत राहते. बोटांतली विद्या शिकविणारा व शिकणारा एकमेकांशेजारी बसल्याशिवाय पुढे जात नाही. म्हणून टिकाऊपणाचे श्रेय वस्तूला देताना ह्या पिढ्यांनाही द्यायला हवे.

ही साखळी तुटली तर काय होते ह्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील शुअर कंपनीची व्ही-१५ ही कार्ट्रिज १९६४ सालचीच आणि अतिशय नावाजलेली. तिच्या सुधारित आवृत्त्या पुढे अनेक वर्षे निघत राहिल्या. परंतु २०१८ साली शुअरने कार्ट्रिजचे उत्पादनच थांबविले. लोकांच्या घरी त्या डब्या सुस्थितीत होत्या, पण सुया झिजल्यावर नव्या कोठून आणणार? सुदैवाने चुंबक हलणाऱ्या प्रकारात सुई व काडी डबीपासून सुटी काढता येते, आणि जपानमधील जिको नावाची कंपनी अशा अनेक जुन्या डब्यांना बसणाऱ्या सुया बनविते. ही कंपनी १८७३ साली सुरू झाली ती शिवणाच्या सुया करण्यासाठी! कापड शिवणारी सुई करणारे हात पुढे सुरांची सुई करू लागले.

जुन्या पिनेची स्तुती करताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. गोल टोकाची सुई लेबलाजवळच्या दाट खाचेत सर्वांत बारीक वळणांपर्यंत पोचू शकत नाही, त्यामुळे तेथे तार सूर थोडे मंद किंवा चरचरीत होतात. ह्यावर उपाय म्हणून लंबगोल टोकाच्या सुया आल्या. पुढे १९७० नंतरच्या काही वर्षांत जपानच्या जेव्हीसी कंपनीतील नोरिओ शिबाता ह्यांनी आणखी निराळा आकार शोधला. तो चार स्पीकरच्या तबकड्यांसाठी होता, कारण त्यांत सेकंदाला तीस हजारांहून अधिक कंपने वाचावी लागत. चार स्पीकरच्या तबकड्या थोड्याच वर्षांत विस्मृतीत गेल्या, शिबातांची सुई मात्र उरली. तेव्हा नव्याने काही साधलेच नाही असे कोणी म्हणू नये.

शिवाय जुन्या कार्ट्रिजला जोडीदारही तोलाचा लागतो. डीएल-१०३ ची काडी ताठ आहे, तिला वजनदार दांडी हवी. हलक्या दांडीला बसविली तर ती उगीच थरथरते व खर्ज बिघडतो. काडीची लवचीकता आणि दांडीचे वजन मिळून एक नैसर्गिक झोका ठरतो. तो सेकंदाला दहाच्या आसपास असावा, म्हणजे वाकड्या तबकडीच्या संथ हेलकाव्यांच्या वर आणि संगीताच्या सर्वांत खालच्या सुरांच्या खाली राहतो. "जुनी पिन आणली, पण आवाज काही लागला नाही" अशी तक्रार ऐकू आली तर पुष्कळदा दोष पिनेचा नसून सोयरिकीचा असतो.

ह्या साऱ्या विवेचनाचा आपल्याला उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे, आणि तो तातडीचा आहे. आपल्या घरांतून, वाचनालयांतून, माळ्यावरच्या ट्रंकांतून अजून तबकड्या पडून आहेत. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर ह्यांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत, नंतरच्या लाँग प्लेही आहेत. त्यांपैकी कितीतरी गाणी पुढे कॅसेटवर व सीडीवर आली. कितीतरी आलीच नाहीत. त्या गाण्यांना तबकडी हेच घर आहे. अलीकडे तबकडीची हौस पुन्हा वाढली आहे आणि पेटीसारखे दिसणारे स्वस्त प्लेयर सर्वत्र मिळतात. त्यांपैकी पुष्कळांत सिरॅमिक कार्ट्रिज असते व सुईवरचा भार पाच ग्रॅमच्या घरात असतो. अशा सुईचे टोक झिजले की तिला धार येते आणि मग ती खाच वाचण्याऐवजी खरवडू लागते. सुई बदलता येते. खाचेतून खरवडलेला सूर मात्र जगातली कोणतीही कार्ट्रिज परत आणू शकत नाही.

म्हणून चार गोष्टी पाळाव्यात असे सुचवावेसे वाटते. जुनी तबकडी लावण्यापूर्वी सुई जाणकाराकडून भिंगाखाली तपासून घ्यावी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला लाँग प्लेची सुई लावू नये. त्या तबकडीची खाच सुमारे तिप्पट रुंद असते. बारीक सुई तिच्या तळाशी पडते आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक ऐकविते. स्टिरिओपूर्व काळातली कार्ट्रिज स्टिरिओ तबकडीवर ठेवू नये, कारण वरखाली लवण्याची सवय तिला नसते व ती खाचेचे नुकसान करते. आणि दुर्मीळ तबकडी असेल, तर ती आधी स्वच्छ करून चांगल्या कार्ट्रिजवर एकदा वाजवावी व त्याच वेळी संगणकात उतरवून घ्यावी. झिजलेली सुई कशी ओळखावी असे मी आबांना विचारले होते. ते म्हणाले, "गाण्यात स, श आला की कान दे. तिथं फिस्स् झालं तर पिन काढून टाक." कोणत्याही पुस्तकातल्या खुणेइतकीच ही खूण खरी आहे, कारण ऊष्म वर्णांची कंपने फार जलद असतात आणि झिजलेल्या सुईची पहिली फजिती तेथेच होते.

आपल्या ग्रंथालयाच्या संगीत विभागातील कपाटात काही तबकड्या व एक रेकॉर्डप्लेयर आहे. पुढील वर्षी संगीत मंडळाने त्यांची यादी करावी, प्लेयरची सुई तपासून घ्यावी, आणि मगच त्या वाजवाव्यात, अशी माझी गुरुजनांना व विद्यार्थीमित्रांना विनंती आहे. यादी करण्याच्या कामी मी स्वतः हजर राहीन.